फायब्रोमायल्जिया आणि तरणतलाव: मुंबईत पाण्यातला व्यायाम सुरू करताना

मला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर सतत दुखतं आणि थकवा असतो. आणि मला पोहता येत नाही. हे आधीच सांगते, कारण पाण्यातला व्यायाम म्हटलं की निम्म्या बायका तिथेच थांबतात. गेली दोन वर्षं मी आठवड्यातून दोनदा तलावात उतरते, चालते, हातपाय हलवते आणि बाहेर येते. डोकं आजवर एकदाही पाण्याखाली गेलेलं नाही.

पहिल्या दिवसाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. छातीपर्यंत पाण्यात उभी राहिले आणि कित्येक महिन्यांनी खांदे हलके वाटले. इतकं बरं वाटलं, की मी चाळीस मिनिटं चालले, पाय झाडले, शेजारच्या बाईचं बघून उड्यासुद्धा मारल्या. घरी येऊन पुरणपोळी करण्याइतका उत्साह होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलवेना. पुढचे तीन दिवस रजा. बँकेत काउंटरवर बसणाऱ्या बाईला सलग तीन दिवस रजा म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक.

तेव्हा कुणी चार गोष्टी समजावून सांगितल्या असत्या तर ते तीन दिवस वाचले असते. त्या चार गोष्टी इथे लिहिते. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. तुमच्या औषधांबद्दल आणि हृदयाबद्दल तुमच्या डॉक्टरांचं ऐका. फॉर्म, पिशवी आणि वेळेच्या हिशेबाबद्दल माझं ऐका.

१. आधी डॉक्टर, मग तलाव

फायब्रोमायल्जियाचं निदान नीट झालेलं असू द्या. थायरॉइड, ड जीवनसत्त्व, बी १२, रक्तातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर-सीआरपी या तपासण्या बहुतेकांच्या झालेल्याच असतात. त्या नॉर्मल आल्या की घरचे म्हणतात, "बघ, काही नाहीये तुला." काही नसतं असं नाही. मेंदू आणि मज्जासंस्था दुखण्याचा आवाज वाढवून ऐकवतात, आणि तो आवाज रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही. संधिवाततज्ज्ञ अंगभर किती ठिकाणी दुखतं, थकवा किती, झोपेतून उठल्यावर ताजं वाटतं का, विसरभोळेपणा किती, यावरून निदान करतात. पूर्वी, १९९० च्या निकषांत, अंगावरचे १८ बिंदू दाबून बघायचे आणि ११ दुखले की शिक्का बसायचा. २०१० पासून ती बिंदूंची अट गेली. तरी अजून कुणी दाबून बघितलं तर घाबरू नका.

डॉक्टरांना तलावाबद्दल विचारताना "व्यायाम करू का?" एवढंच विचारू नका. तो प्रश्न विचारला की "हो, करा की" हेच उत्तर मिळतं. नेमकं विचारा:

- छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं तर माझ्या हृदयाला आणि रक्तदाबाला चालेल का? पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर ढकलतो, म्हणून हा प्रश्न.
- माझ्या गोळ्यांनी चक्कर किंवा गुंगी येते का? प्रीगॅबलिन, ड्युलोक्सेटिन, अॅमिट्रिप्टिलिन या नेहमीच्या गोळ्या आहेत आणि तिन्हींनी काहींना गरगरतं. मला प्रीगॅबलिननंतर दोन तास जिना उतरताना कठडा धरावा लागतो, मग तलावाची शिडी काय सांगू?
- फिट येण्याचा इतिहास, दमा, गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर स्वतःहून सांगा.

ताप, जुलाब, उघडी जखम, चिखल्या किंवा अंगावर बुरशीचा संसर्ग असेल त्या दिवशी तलाव नाही. हे तुमच्यासाठी आहे तेवढंच बाकीच्यांसाठीही.

आणि एक सापळा. जास्त वेळ व्यायाम करता यावा म्हणून जाण्याआधी दुखण्याची जादा गोळी घेऊ नका. गोळी दुखणं झाकते, तुम्ही पाण्यात हद्द ओलांडता आणि रात्री गोळी उतरली की दोन्हींचा भार एकदम अंगावर येतो.

२. पाण्यात नेमकं होतं काय

हे समजलं की पुढचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचं साधारण निम्मं वजन येतं. छातीपर्यंत गेलं की एक तृतीयांशाच्या आसपास, आणि मानेपर्यंत गेलं तर दहावा हिस्सा. गुडघे, टाचा, कंबर यांना सुट्टी मिळते ती अशी. पाणी चहूबाजूंनी सारखं दाबत असतं, त्यामुळे तोल गेला तरी माणूस धाडकन पडत नाही, हळूच कलंडतो. कोमट पाण्यात आखडलेले स्नायू सैल सुटतात.

पण पाणी हवेपेक्षा खूप दाट असतं. हात हळू फिरवला तर लोणी कापल्यासारखा जातो. त्याच हाताचा वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. त्या पहिल्या दिवशी माझं गणित इथेच चुकलं. पाण्यात आदळआपट होत नाही, घाम जाणवत नाही, सांधा कुरकुरत नाही, म्हणून वाटतं की आपण काही करतच नाही आहोत. स्नायू मात्र काम करतच असतात आणि त्याचं बिल दुसऱ्या दिवशी, कधी कधी तिसऱ्या दिवशी येतं.

हे सगळं खरंच उपयोगी आहे का? फायब्रोमायल्जियासाठी व्यायाम करावा, ही युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची सर्वांत ठाम शिफारस आहे. कुठल्याही गोळीला त्यांनी तेवढं वजन दिलेलं नाही. पाण्यातल्या व्यायामाच्या १६ अभ्यासांचा एकत्र आढावा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये काढला. त्यात ८८१ जण होते आणि त्यांतले पुरुष फक्त १५. दुखणं, ताठरपणा, रोजची कामं यांत फरक पडलेला दिसला, पण पुरावा मध्यम ते कमी प्रतीचा, असं त्यांनीच म्हटलं आहे. जमिनीवरच्या व्यायामापेक्षा पाणी फार सरस ठरलं असंही नाही. ताकद वाढण्यात तर जमीन थोडी पुढेच. मग पाणी कशाला? माझ्यापुरतं उत्तर असं, की जमिनीवरचा व्यायाम मी पाच वेळा सुरू करून पाच वेळा सोडला. पाण्यातला टिकला.

३. तलाव निवडताना

मी ज्या तलावावर जाते त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्याच्या तक्रारीही येणार आहेत. मुंबईत ढोबळमानाने चार प्रकारचे पर्याय आहेत.

*महापालिकेचे तलाव.* दादरला शिवाजी पार्कचा महात्मा गांधी स्मारक तलाव, चेंबूरचा जनरल अरुणकुमार वैद्य तलाव, कांदिवलीचा सरदार वल्लभभाई पटेल तलाव, अंधेरी पश्चिमेचं शहाजीराजे क्रीडा संकुल हे त्यांतले जुने आणि माहितीचे. खिशाला सर्वांत परवडणारे. पण ते पोहणाऱ्यांसाठी बांधलेले आहेत, आपल्यासारख्या चालणाऱ्यांसाठी नाहीत. पाणी तापवलेलं नसतं आणि उथळ भाग शिकाऊ मुलांनी भरलेला असतो.

*सोसायटीचा तलाव.* ठाणे, मुलुंड, कांदिवली, बोरिवली इथल्या टॉवरांत असतो तो. त्याला लोक नाकं मुरडतात, "एवढासा तर आहे" म्हणतात. आपल्या दृष्टीने हाच उत्तम. खोली बहुधा चार फुटांच्या आसपास, दुपारी चिटपाखरू नाही, घर लिफ्टच्या अंतरावर. तुमच्या इमारतीत नसेल तर बहीण, नणंद, मैत्रीण यांच्या इमारतीत पाहुण्यांना परवानगी आहे का विचारा. लाज वाटून घेऊ नका. मात्र तिथे जीवरक्षक कोणत्या वेळात असतो ते आधी बघा. तो नसताना उतरायचं नाही, पाणी चार फूट असलं तरीही.

*क्लब आणि हॉटेल.* काही ठिकाणी पाणी गरम असतं. खर्चाचं तुम्ही जाणा.

*फिजिओथेरपीचा तलाव.* खास उपचारासाठी बांधलेला, ३२ ते ३४ अंश तापमानाचा, सोबत फिजिओथेरपिस्ट. मुंबईत असे मोजकेच आणि महाग आहेत. परवडत असेल तर दोन-चार सत्रं इथे करून व्यायाम शिकून घ्या आणि मग जवळच्या साध्या तलावावर जा. ते न जमल्यास केईएम, नायर यांसारख्या मोठ्या पालिका रुग्णालयांचे फिजिओथेरपी विभाग किंवा हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था इथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून, जमिनीवर का होईना, हालचाली तपासून घेता येतात.

फॉर्म भरण्याआधी एकदा नुसतं बघायला जा. चार गोष्टी बघा.

पहिली, उतरायची सोय. उभी लोखंडी शिडी आहे की रुंद पायऱ्या आणि कठडा? उतरताना फरक कळत नाही. वर येताना कळतो, कारण पाण्यातून बाहेर निघताना सगळं वजन एकदम परत अंगावर येतं. वीस मिनिटांनंतर शिडीची ती शेवटची पायरी मला आजही नकोशी वाटते.

दुसरी, खोली. उथळ टोकाला पाणी तुमच्या छातीच्या खालच्या टोकापर्यंत यायला हवं. माझी उंची पाच फूट एक इंच, म्हणजे मला साडेतीन ते चार फूट पुरतं. तळ उतरता असेल तर उतार कुठून सुरू होतो ते विचारून घ्या. जुन्या तलावांत तो एकदम खाली जातो.

तिसरी, तापमान. "पाणी थंड आहे का हो?" असं विचारलं तर "नाही ताई, मस्त आहे" असंच उत्तर येणार. मी क्रॉफर्ड मार्केटमधून माशांच्या टाकीत ठेवतात ती छोटी तापमापी आणली आणि रुमालात गुंडाळून नेते. जानेवारीत सकाळी साडेसहाला तिने २४ दाखवले, मे महिन्यात संध्याकाळी ३१. स्पर्धेच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंश ठेवतात. जोरात पोहणाऱ्याला ते योग्य. आपण हळू हलणारी माणसं, त्यात आपल्याला गारठतं. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली ऊब काढून घेतं. २८ च्या खाली मी उतरत नाही. आणि जास्त गरम म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही; ३५ च्या वर व्यायाम केला तर गळून जायला होतं आणि बाहेर येताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

चौथी, पाणी स्वच्छ आहे का. काठावर उभं राहून तळाच्या फरशीच्या रेषा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. क्लोरीनचा वास नाकात झोंबत असेल तर त्याचा अर्थ पाणी फार स्वच्छ आहे असा नाही, बहुधा उलटच असतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीन मिसळलं की तो वास येतो.

४. कागदपत्रं

तलावागणिक यादी थोडी बदलते, पण एवढी फाइल तयार ठेवली तर खेपा वाचतात:

- आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा, दोन-दोन झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे चार फोटो
- वैद्यकीय प्रमाणपत्र
- हमीपत्र, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर उतरते आहे असं लिहून दिलेलं
- घरच्या एका माणसाचा संपर्क क्रमांक
- शेवटचं प्रिस्क्रिप्शन. मागत नाहीत, पण जवळ असू द्या

पालिकेच्या तलावांची नोंदणी ऑनलाइन होते आणि जागा लवकर भरतात. त्यामुळे वेळापत्रकावर लक्ष ठेवा. महिलांसाठी राखीव बॅच कोणती आणि ज्येष्ठांना, महिलांना सवलत आहे का, हेही विचारा.

वैद्यकीय प्रमाणपत्राचा घोळ हमखास होतो. मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडून लेटरहेडवर सुरेख प्रमाणपत्र नेलं. खिडकीवरच्या माणसाने ते बाजूला सारून "आमच्या नमुन्यात आणा" म्हटलं. नमुना कुठे मिळेल? "वरच्या मजल्यावर." वरच्या मजल्यावरचे साहेब जेवायला गेलेले. तेव्हा आधी नमुना घ्या, मग डॉक्टरांकडे जा. आणि त्यात "त्वचारोग नाही, संसर्गजन्य आजार नाही, पाण्यात व्यायामास हरकत नाही" एवढं स्पष्ट लिहून घ्या. आजाराचं नाव वाचून कुणी बिचकलं, तर हा संसर्गजन्य नाही हे डॉक्टरांच्या सहीने लिहिलेलं कामी येतं.

दिव्यांग सवलतीची आशा धरून जाऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत फायब्रोमायल्जिया नाही. लोकलच्या दिव्यांग डब्याचंही तेच.

दुसरा घोळ: पोहता येत नाही म्हटलं की तुम्हाला शिकाऊ वर्गात टाकतात. उन्हाळ्यातले २१ दिवसांचे वर्ग तर चुकूनही घेऊ नका. रोज यायचं, शिट्टीच्या तालावर पाय मारायचे, चहूकडून मुलांच्या लाथा. आमच्या तलावावरचे एक प्रशिक्षक मला महिनाभर सांगत होते, "ताई, पाण्यात चालायला कशाला येता, चौपाटीवर चाला की. इथे पोहायला शिका." शेवटी फिजिओथेरपिस्टकडून दोन ओळींची चिठ्ठी आणली: रुग्णास उथळ पाण्यात चालण्याचा व्यायाम सांगितला आहे. चिठ्ठी दाखवल्यापासून बोलणं बंद. ही चिठ्ठी पहिल्या दिवसापासूनच फाइलमध्ये ठेवा.

५. पिशवी

टोपी सगळीकडे सक्तीची. सिलिकॉनची घ्या, रबराची घट्ट टोपी घालून माझं डोकं दुखतं. पोशाख लायक्राचा लागतो, सुती कपड्यांत सोडत नाहीत. गुडघ्यापर्यंतचा, अर्ध्या बाह्यांचा पोशाख सहज मिळतो, त्यामुळे "या वयात तसले कपडे कसे घालायचे" हा प्रश्न उरत नाही. फक्त पुढून चेन असलेला घ्या, आणि एक माप मोठा. का ते पुढच्या टप्प्यात.

याशिवाय घसरणार नाहीत अशा रबरी चपला, मोठा टॉवेल, पुढून बटणं असलेला सैल गाऊन, पाण्याची बाटली, चिक्की किंवा केळं. पाण्यात घाम कळत नाही, पण येतो. शिवाय पाण्यात उभं राहिल्याने लघवीलाही जास्त लागते. म्हणून जाण्याआधी स्वच्छतागृह आणि आल्यावर पाणी. फोमचे डंबेल्स दुकानदार गळ्यात मारेल, घेऊ नका. ते पाण्यात खाली दाबायला भरपूर जोर लागतो आणि खांद्यांची वाट लागते. पाठीखाली धरायची लांब फोमची नळी बहुतेक तलावांवर असतेच.

६. घर ते घर

मला सगळ्यात उशिरा समजलेली गोष्ट ही. मी वहीत "पाण्यात १२ मिनिटं" लिहायची आणि मला कळायचं नाही, की १२ मिनिटांनी एवढी कशी दमते. मग एक दिवस घड्याळ लावलं. घरातून निघून परत येईपर्यंत दोन तास दहा मिनिटं. रिक्षासाठी उभं राहणं, पुलाचे जिने, रांग, शॉवर, कपडे बदलणं, ओली पिशवी खांद्याला, पुन्हा जिने. पाणी त्यातलं सगळ्यात सोपं काम होतं.

म्हणून तलाव निवडताना सुविधांपेक्षा अंतर बघा. दूरच्या गरम तलावापेक्षा पंधरा मिनिटांवरचा साधा तलाव बरा. सकाळी साडेआठच्या लोकलने तलावावर जायचा विचारही करू नका. पुलाच्या जिन्यांच्या जागी लिफ्ट किंवा सरकता जिना कोणत्या टोकाला आहे ते एकदा शोधून ठेवा. येताना रिक्षा-टॅक्सीचे पैसे महिन्याच्या खर्चात धरा. ती चैन नाही, व्यायामाचाच भाग आहे. मी बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी जाते. त्या दोन्ही दिवशी घरी पोळ्या लाटत नाही, विकतच्या आणते. सासूबाईंनी सुरुवातीला भुवया उंचावल्या होत्या. आता त्याच आठवण करतात, "आज तुझं पाणी ना?"

आता कपड्यांचं. ओला लायक्रा अंगाला असा चिकटतो, की दुखऱ्या खांद्याने तो सोलून काढणं हा स्वतंत्र व्यायाम आहे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी कपडे बदलायच्या खोलीत पोशाखात अडकले. एक हात आत, एक बाहेर, पाठीमागची चेन निम्मी उघडलेली, डोळ्यांत पाणी. तिथे फरशी पुसणाऱ्या मावशी बाहेरून म्हणाल्या, "ताई, दार उघडा, मी बघते." आत येऊन त्यांनी हळूच पट्टा धरला. "चांगला हात आधी काढायचा. दुखरा मागून. घालताना उलटं, दुखरा आधी. माझ्या आईला अर्धांगवायू होता, रोज करायचे मी." ही युक्ती मला इतक्या डॉक्टरांपैकी कुणी सांगितली नव्हती.

तेव्हापासून पोशाख घरूनच कुडत्याखाली घालून जाते. परतताना कोमट शॉवर असेल तर तो अंगावर घेत उभ्या-उभ्याच चेन उघडते, पाणी वाहत असताना कापड सहज सुटतं. वर गाऊन, बटणं लावली की झालं. आतले कपडे नीट घालायचे ते घरी. बसायला स्टूल नसेल तर मागून घ्या. एका पायावर उभं राहून सलवार चढवण्याच्या भानगडीत पडू नका.

७. पाण्यात

पहिले दोन आठवडे फक्त १० ते १२ मिनिटं. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस मोकळे. हे फार कमी वाटेल. वाटू दे.

भिंतीच्या दांडीजवळ राहा आणि या क्रमाने करा:

1. चालणं, ४ मिनिटं. पुढे, मग मागे, मग खेकड्यासारखं आडवं. टाच आधी टेकवा. पाण्यात माणूस नकळत चवड्यांवर चालतो आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात.
2. दांडी धरून टाचा उचलणं, ८ वेळा. गुडघा वर घेणं, प्रत्येकी ६ वेळा. पाय बाजूला नेणं, प्रत्येकी ६ वेळा.
3. हात. गुडघे किंचित वाकवून खांदे पाण्याखाली घ्या आणि दार उघडतो-लावतो तसे दोन्ही हात उघडा, मिटा, ६ वेळा. तळवा सुरीसारखा आडवा धरला तर पाणी कापलं जातं, थाळीसारखा पाण्याला समोर धरला तर पाणी अडतं. पहिला महिना सुरी. थाळी नंतर.
4. पुन्हा चालणं, २ मिनिटं, अगदी संथ. मग काठाला पाठ टेकवून पाच-सहा लांब श्वास.

हात पाण्याबाहेर काढून वर नेऊ नका; आधार सुटतो आणि मानेला ओढ बसते. उड्या नाहीत. पोहता येत असेल तरी सुरुवातीला डोकं वर ठेवून पोहणं टाळा, मानेचं दुखणं त्यानेच उसळतं.

जोर किती लावायचा? बोलता आलं पाहिजे. मी पाढे म्हणते. बाराचा पाढा न धापता पूर्ण झाला तर वेग बरोबर. एकोणिसाचा अडखळला तर ते दमल्यामुळे नाही, तो मला काठावरही येत नाही.

आणि मुख्य नियम: अजून पाच मिनिटं सहज करता येतील असं वाटत असतानाच बाहेर पडा. "आज छान वाटतंय, थोडं जास्त करू" हे वाक्य मनात आलं की शिडीकडे वळा. वर येताना सावकाश. पाण्याचा दाब सुटतो आणि चक्कर येते. काठावर दोन मिनिटं बसा, टॉवेल लगेच अंगाभोवती घ्या. ओल्या अंगाने पंख्याखाली उभं राहणं मला सर्वांत जास्त बाधलं आहे.

८. वही

साधी दोनशे पानी वही. प्रत्येक वेळी एक ओळ: तारीख, पाण्याचं तापमान, मिनिटं, त्या रात्रीची झोप, दुसऱ्या दिवशी दुखणं दहापैकी किती, तिसऱ्या दिवशी किती. शेवटचे दोन रकाने महत्त्वाचे. पाण्यातून निघाल्यावर कसं वाटलं याला काही किंमत नाही, तेव्हा सगळ्यांनाच छान वाटतं.

दोन आठवडे तिसऱ्या दिवसाचा आकडा नेहमीइतकाच राहिला तर २ मिनिटं वाढवा. चढला तर जिथे होतात तिथेच राहा. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: मिनिटं किंवा जोर किंवा दिवस. मला १२ वरून ३० मिनिटांवर यायला सात महिने लागले. आता ३५ वर आहे आणि तिथेच राहणार आहे. फरक जाणवायला दोन-तीन महिने द्या. माझ्या बाबतीत आधी झोप सुधारली. दुखणं सातवरून पाचवर आलं, शून्यावर नाही. शून्याचं आश्वासन देणाऱ्यापासून लांब राहा, तो पाण्यातला असो की काढ्यातला.

दुखणं उसळलंच तर तलाव पूर्ण सोडू नका, पण निम्म्यावर या. नुसतं चालणं, सहा मिनिटं. तेही झेपेनासं असेल तर एक खेप चुकवा आणि वहीत "नाही गेले" असं लिहा, कारणासकट. सहा महिन्यांनी मागे बघितलं तेव्हा मला दिसलं, की माझी उसळी बहुतेक वेळा पाण्याने आलीच नव्हती. मार्चअखेरचं काम, लग्नाचा मांडव, गणपतीची दोन दिवसांची उभ्याने आवराआवर. छातीत दुखणं, धाप, एकाच पायाला सूज, हातापायाला नवी बधिरता असं काही असेल तर मात्र ते फायब्रोमायल्जियाच्या खात्यावर ढकलू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा.

९. ऋतू आणि सुट्ट्या

पावसाळ्यात उघड्या तलावाचं पाणी गढूळ झालं किंवा विजा कडाडत असल्या तर परत फिरा. पास वाया गेला तर जाऊ दे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या बॅचऐवजी दुपारची मागा. पाळीच्या दिवसांत जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी टॅम्पॉन वापरून दोनदा गेले, पण त्या दिवसांत मुळातच दुखणं जास्त असतं म्हणून आता विश्रांती घेते.

तलाव दुरुस्तीसाठी बंद होतो आणि कधी उघडेल ते कुणी सांगत नाही. त्या काळात मी गॅलरीत दहा मिनिटं चालते आणि दांडीऐवजी ओट्याचा कठडा धरून टाचा उचलते. तलाव उघडल्यावर जुन्या मिनिटांवर उडी मारायची नाही. दोन आठवडे बंद होता तर निम्म्याने सुरू.

१०. पास संपण्याआधी

मुदत संपण्याच्या तीन आठवडे आधी फोनवर आठवण लावून ठेवा. प्रमाणपत्र पुन्हा नवीन लागतं, जुन्याची झेरॉक्स चालत नाही. डॉक्टरांकडे जाताना वही न्या. माझ्या डॉक्टरांनी या वेळी पहिल्यांदाच पानं उलटून बघितली आणि रात्रीची गोळी थोडी कमी केली.

नूतनीकरणाला खिडकीवर तोच माणूस होता. फॉर्मवर नजर टाकून म्हणाला, "दोन वर्षं झाली की ताई. अजून पोहता येत नाही?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने शिक्का मारला आणि फोटो उलटा चिकटवला. तो सरळ करून घ्यायला विसरू नका.